वाचक विचारतात: व्यावसायिक विमा एजन्सीतला अकाउंट एक्झिक्युटिव्ह

कारखाने, गोदामं, ठेकेदार, सल्लागार कंपन्या अशा ग्राहकांचा विमा सांभाळणाऱ्या एजन्सींमधून या महिन्यात बरीच पत्रं आली. त्यातली बहुतेक अकाउंट एक्झिक्युटिव्हच्या कामाविषयी होती. सारखे प्रश्न आम्ही एकत्र केले आहेत. विम्याचे कायदे आणि पॉलिसीचे मसुदे देशागणिक व कंपनीगणिक बदलतात. म्हणून इथे दिलेली पद्धत वापरताना समोरच्या पॉलिसीतलं कलम उघडून ताडून पाहावं.

प्रश्न: एका एजन्सीनं मला अकाउंट एक्झिक्युटिव्हचं पद देऊ केलं आहे. तिथे प्रोड्युसर, अकाउंट मॅनेजर आणि क्लेम्स विभागही आहे. मग माझ्या वाट्याला नेमकं काय येणार? हे काम विक्रीचं आहे की कागदपत्रांचं?

प्रोड्युसर नवा ग्राहक आणतो. अकाउंट मॅनेजर रोजचा व्यवहार बघतो: एंडॉर्समेंट (पॉलिसीत बदल करणारं जोडपत्र), सर्टिफिकेट (विमा असल्याचा दाखला), बिलं, पत्रव्यवहार. या दोघांच्या मधे अकाउंट एक्झिक्युटिव्ह असतो. ग्राहकाचा धंदा समजून घेणं, त्यातले धोके अंडररायटरला, म्हणजे विमा कंपनीत धोका तपासून दर ठरवणाऱ्याला, कळतील असे मांडणं, आलेल्या कोटेशनमधला फरक ग्राहकाला समजावणं आणि दरवर्षी खातं टिकवणं हे त्याचं काम. दावा आला की ग्राहक बहुधा पहिला फोन त्यालाच करतो, क्लेम्स विभाग कितीही मोठा असला तरी.

मात्र पदांची नावं सगळीकडे सारखी नसतात. काही एजन्सींत याच पदावर नव्या विक्रीचं टार्गेटही असतं, तर काही ठिकाणी हाताखाली अकाउंट मॅनेजर नसतो आणि सर्टिफिकेटंही स्वतःच काढावी लागतात. होकार देण्याआधी चार गोष्टी विचारा: माझ्याकडे किती खाती असतील, नव्या व्यवसायाचं टार्गेट आहे का, रोजचं काम कोण करेल, आणि खातं गेलं तर माझ्या पगारावर काय परिणाम होईल. पाचवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. ही एजन्सी कायद्यानं विमा कंपनीची प्रतिनिधी आहे की ग्राहकाची? तुमचं कर्तव्य कोणाशी बांधलेलं आहे, सल्ला कुठपर्यंत द्यायचा आणि चूक झाली तर जबाबदारी कोणावर येईल, हे त्या उत्तरावरून ठरतं.

प्रश्न: नूतनीकरणाचं काम किती आधी सुरू करावं? आमच्याकडे दर वेळी शेवटच्या पंधरवड्यात धावपळ होते आणि कोटेशन चढ्या दरानं येतात.

मध्यम आकाराच्या कारखान्यासाठी आम्ही १२० दिवस आधी फाइल उघडायला सांगतो. छोट्या दुकानाला किंवा ऑफिसला ६० दिवस पुरतात. शेवटच्या पंधरवड्यात दर चढतो याचं कारण साधं आहे. अंडररायटरला जागेची पाहणी करून घ्यायला वेळ उरत नाही, मोठी रक्कम असेल तर त्याच्या वरिष्ठांची किंवा पुनर्विमा कंपनीची (विमा कंपनीचाच विमा उतरवणाऱ्या कंपनीची) मंजुरी मिळवायलाही दिवस लागतात. माहितीत जिथे भोक दिसतं तिथे तो वाईटच गृहीत धरतो.

१२० व्या दिवशी दाव्यांचा इतिहास मागवा. तो आधीच्या प्रत्येक विमा कंपनीकडून, किमान ५ वर्षांचा आणि लेखी हवा. हा कागद यायला कधी कधी तीन-चार आठवडे लागतात, आणि सगळं वेळापत्रक त्याच्यावर अडतं. तो आला की प्रलंबित दाव्यांसाठी विमा कंपनीनं किती रक्कम राखून ठेवली आहे ते तपासा. दोन वर्षांपूर्वीचा दावा जवळजवळ मिटलेला असतो, पण राखीव रक्कम पहिल्या दिवशीचीच राहिलेली असते, असं वारंवार दिसतं. विमा कंपनीच्या क्लेम्स विभागाला पत्र लिहून त्या रकमेचा फेरविचार करायला लावा आणि दुरुस्त झालेला कागदच बाजारात, म्हणजे इतर विमा कंपन्यांकडे, न्या. याच एका पत्रामुळे नव्या कंपनीच्या नजरेत खातं बरंच सुधारतं.

९० व्या दिवसाच्या आसपास ग्राहकाला भेटा, तेही त्याच्या जागेवर. फोनवर ‘काही बदललं का?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’ असंच येतं. जागेवर फिरताना मात्र मागच्या अंगणात उभी राहिलेली नवी शेड, भाड्यानं घेतलेलं शेजारचं गोदाम, कोपऱ्यातली बॅटरी चार्जिंगची रांग डोळ्यांना दिसते. छतावर सौर पॅनेल बसवले असतील तर तेही नोंदवा.

७५ ते ६० दिवस उरले असताना प्रस्ताव बाजारात पाठवा. सगळ्यांना एकाच दिवशी, एकसारखी माहिती द्या. दिसेल त्या कंपनीकडे टाकू नका. त्या प्रकारचा धंदा खरोखर घेणाऱ्या तीन-चार कंपन्या निवडा. दरवर्षी साऱ्या बाजारात फिरणारं खातं अंडररायटर गठ्ठ्याच्या तळाशी ठेवतात.

३० दिवस आधी कोटेशन हातात हवीत आणि तुलना लेखी हवी. तुलनेत हप्त्याच्या शेजारी डिडक्टिबल (दर दाव्यात ग्राहकानं स्वतः सोसायची रक्कम), पोटमर्यादा (एखाद्या बाबीपुरती वेगळी मर्यादा), वगळलेले धोके आणि पाळायच्या अटी यांचे रकाने असले पाहिजेत. १५ दिवस आधी ग्राहकाची लेखी संमती घ्या. जुनी पॉलिसी संपण्याआधी विमा कंपनीचं कव्हर सुरू झाल्याचं लेखी कळलं पाहिजे, त्यावरची घड्याळाची वेळसुद्धा बघा. एक पॉलिसी दुपारी संपते, दुसरी मध्यरात्री सुरू होते, आणि मधले तास उघडे राहतात.

पॉलिसी हातात आल्यावर काम संपलं असं समजू नका. ३० दिवसांच्या आत ती कोटेशनशी ओळीओळीनं ताडून पाहा. सर्वात जास्त चुका ग्राहकाच्या कायदेशीर नावात, गहाळ झालेल्या पत्त्यात, न जोडलेल्या एंडॉर्समेंटमध्ये आणि कर्ज देणाऱ्या बँकेच्या उल्लेखात सापडतात. त्या आज दुरुस्त होतात, आगीनंतर होत नाहीत.

प्रश्न: प्रस्तावात किती तपशील द्यावा? आणि ग्राहक ‘ती जुनी आग सांगू नका’ म्हणाला तर?

मालमत्तेच्या विम्यात अंडररायटर चार गोष्टी शोधतो: बांधकाम, वापर, संरक्षण आणि आजूबाजूचा धोका. प्रत्येकाखाली आकडे द्या, विशेषणं नकोत. ‘इमारत उत्तम स्थितीत’ या वाक्यावर दर ठरत नाही. बांधकामाचं वर्ष, मजले, क्षेत्रफळ, छत कशाचं, भिंतींच्या पॅनेलमध्ये कोणतं उष्णतारोधक भरलं आहे आणि ते एकूण भिंतींच्या किती टक्के आहे, हे लिहा. १४ जून २०१७ ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला लागलेली आग बाहेरच्या ज्वलनशील आवरणामुळे वर चढत गेली. त्यानंतर हा प्रश्न किती बारकाईनं विचारला जातो हे प्रस्ताव पाठवणाऱ्या सगळ्यांनाच माहीत आहे.

वापराखाली प्रक्रिया काय, ज्वलनशील द्रव किती लिटर आणि कुठे, माल किती मीटर उंच रचला जातो, रात्रपाळी असते का, ते यावं. संरक्षणाखाली स्प्रिंकलर इमारतीच्या किती भागावर आहेत, पाण्याची टाकी किती घनमीटरची, पंप डिझेलचा की विजेचा, शेवटची चाचणी कधी झाली आणि तिचा अहवाल. आजूबाजूखाली शेजारी काय चालतं, नदी-नाला किती दूर, जमीन त्यापेक्षा किती उंच. फोटो द्या, प्रत्येकाखाली एक ओळ लिहा आणि साधा नकाशा जोडा.

आता जुन्या आगीबद्दल. ती सांगायचीच. १७६६ साली इंग्लंडमधल्या कार्टर विरुद्ध बोएम या खटल्यात लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी मांडलेलं तत्त्व आजही या व्यवसायाचा पाया आहे: धोक्याचा बारीक तपशील बहुतेक वेळा फक्त विमा घेणाऱ्याला ठाऊक असतो, अंडररायटर त्याच्या शब्दावर विसंबतो, म्हणून लपवाछपवी चालत नाही. तो विमा सुमात्रा बेटावरच्या एका किल्ल्याचा होता. त्यात विमा घेणारा जिंकला, कारण जे अंडररायटरला ठाऊक होतं किंवा ठाऊक असायला हवं होतं ते पुन्हा सांगण्याची सक्ती नाही, असंही न्यायालयानं म्हटलं. ब्रिटनमध्ये ऑगस्ट २०१६ पासून लागू झालेल्या २०१५ च्या विमा कायद्यानं त्यात भर घातली. माहिती स्पष्ट आणि सहज सापडेल अशा रीतीनं मांडली पाहिजे. कागदांचा ढीग पाठवून ‘त्यात होतं की’ म्हणता येत नाही. माहिती अनवधानानं राहिली, आणि ती कळली असती तर ७५ ऐवजी १०० हप्ता लागला असता असं दिसलं, तर त्या कायद्याखाली दाव्याचे ७५ टक्केच मिळू शकतात. मुद्दाम लपवल्याचं ठरलं तर सगळाच दावा जातो. काही देशांत अनवधानालाही एवढी कडक शिक्षा आहे.

ग्राहकाला हे समजावताना आगीनंतर काय सुधारणा केली ते लिहून घ्या: वायरिंग कधी बदलली, थर्मल कॅमेऱ्यानं तपासणी कधी झाली, वेल्डिंगसाठी परवाना-पद्धत आली का, काम संपल्यावर किती वेळ पहारा ठेवतात. कारण कळलेली आणि ते दूर केलेली आग अंडररायटरला स्वीकारता येते. एवढं सांगूनही ग्राहक अडून बसला तर प्रस्ताव पाठवू नका आणि एजन्सीच्या वरिष्ठांना लेखी कळवा.

प्रश्न: बहुतेक ग्राहक म्हणतात, ‘विमा रक्कम गेल्या वर्षीचीच ठेवा.’ ती कमी असल्यानं प्रत्यक्षात किती फरक पडतो? दावे तर बहुधा अंशतःच असतात.

अंशतः दाव्यातच हा फटका बसतो. बहुतेक मालमत्ता पॉलिसींमध्ये सरासरीचं कलम असतं: विमा खऱ्या किमतीपेक्षा कमी असेल तर भरपाईही त्याच प्रमाणात कमी होते. इमारतीची खरी किंमत १००, विमा ६० चा आणि नुकसान ३० चं असेल, तर ग्राहकाला ३० पूर्ण मिळतील असं वाटतं. मिळतात ३० गुणिले ६० भागिले १००, म्हणजे १८. उरलेले १२ त्याच्या खिशातून जातात, डिडक्टिबल वेगळी. अमेरिकेत याच जागी को-इन्शुरन्सची टक्केवारी असते, म्हणजे खऱ्या किमतीच्या किमान किती टक्के विमा हवा तो आकडा. ती ८० असेल तर भागाकार १०० नं न करता ८० नं करतात. म्हणजे ६० च्या विम्यावर ४० चं नुकसान झालं, तर ३० मिळतात. हा हिशोब ग्राहकासमोर त्याच्याच आकड्यांनी कागदावर करून दाखवा. तोंडी सांगितलेलं ‘अंडरइन्शुरन्स’ त्याच्या मनावर उमटत नाही.

रक्कम चुकते ती बहुधा चुकीच्या ठिकाणाहून उचलल्यामुळे. ताळेबंदातली किंमत घसारा वजा करून आलेली असते, बाजारभावात जमिनीचा वाटा असतो. पुनर्बांधणीच्या विम्याला या दोन्हींचा उपयोग नाही. आज ती इमारत पुन्हा उभी करायला किती लागेल, त्यात पाडकाम, ढिगारा हलवणं, वास्तुविशारदाची फी आणि नव्या बांधकाम नियमांसाठीचा वाढीव खर्च धरून, तो आकडा हवा. त्यात महागाई घाला. नुकसान पॉलिसीच्या शेवटच्या दिवशीही होऊ शकतं आणि त्यानंतर बांधकामाला दोन वर्षं लागू शकतात. वर्षाला ६ टक्के वाढ धरली तर आजचे १०० तीन वर्षांनी ११९ होतात. यंत्रांच्या बाबतीत आयात खर्च, उभारणी आणि चाचणी विसरली जाते.

मालाची रक्कम सरासरी साठ्यावर ठरवू नका. हंगामातला सर्वोच्च साठा विचारा, आणि तो एकाच छताखाली असतो का तेही. १२ ऑगस्ट २०१५ ला चीनमधल्या तिआनजिन बंदरात स्फोट झाले तेव्हा तिथे एकाच भागात उभ्या असलेल्या हजारो नव्या गाड्या नष्ट झाल्या. एका जागी किती साठलं आहे याकडे लक्ष नसलं की असं होतं. दुसऱ्यांचा माल सांभाळायला घेतला असेल तर त्याचा स्वतंत्र उल्लेख हवा.

सर्वात जास्त घोळ धंदा बंद पडल्याच्या विम्यात होतो, आणि आमच्या मते अकाउंट एक्झिक्युटिव्हनं आपला सर्वात जास्त वेळ इथेच द्यावा. लेखापालाचा ढोबळ नफा आणि विम्यातला ढोबळ नफा वेगळे. समजा वार्षिक उलाढाल ५००, कच्चा माल ३००, कामगारांचं वेतन ८०, भाडं-वीज-पगार वगैरे ७०, निव्वळ नफा ५०. लेखापाल बहुधा वेतनही वजा करून १२० सांगतो. विम्यात मात्र उलाढाल थांबताच त्याच प्रमाणात थांबणारा खर्चच वजा करायचा असतो. कारखाना बंद असताना कुशल कामगारांना तुम्ही वेतन देत राहणार असाल, तर ते वजा होत नाही. म्हणजे विम्याचा आकडा २००. तिथे १२० लिहिलेत तर तूट ४० टक्क्यांची, आणि सरासरीचं कलम इथेही लागतं.

दुसरी चूक भरपाईच्या मुदतीची, म्हणजे किती महिन्यांचा तोटा भरून मिळणार त्याची. बारा महिने सवयीनं लिहिले जातात. परवानग्या, बांधकाम, यंत्रांची मागणी आणि पुरवठा, चाचणी, आणि त्यानंतर गेलेले ग्राहक परत मिळवणं, यांचे महिने ग्राहकासोबत बसून एकाखाली एक लिहा. बेरीज १८ किंवा २४ वर जाताना दिसेल. १८ महिन्यांची मुदत घेतली तर रक्कमही दीडपट करायची, म्हणजे वरच्या उदाहरणात ३००. मुदत वाढवून रक्कम तशीच ठेवणं ही फार वेळा दिसणारी चूक आहे. शेवटी पुरवठादारांबद्दल विचारा. २०११ साली थायलंडमध्ये आलेल्या पुरात हार्ड डिस्कचे कारखाने बुडाले आणि पाणी न शिरलेल्या दूरदेशीच्या संगणक कंपन्यांनाही तुटवडा जाणवला. अशा नुकसानीसाठी वेगळं विस्तारित कव्हर घ्यावं लागतं. त्यात पुरवठादाराचं नाव, ठिकाण आणि मर्यादा बघावी.

प्रश्न: ग्राहकाला हप्ता कमी हवा असतो. कुठे कापावं आणि कुठे हात लावू नये?

आधी डिडक्टिबल वाढवून बघा, पण हिशोबानं. ती १० वरून ५० केली आणि हप्ता ८ नं कमी झाला, तर दर दाव्यामागे ४० जास्त सोसायचे आहेत. असा दावा पाच वर्षांतून एकदाही होत नसेल तरच हे परवडतं. दाव्यांचा इतिहास तुमच्या हातात आहे, त्यावरून सांगा. छोटे छोटे पोट-विमे सोडता येतात. दायित्वाची (दुसऱ्यांच्या नुकसानीच्या जबाबदारीची) मर्यादा आणि धंदा बंद पडल्याचं कव्हर कापू नका. ज्या नुकसानीनं कंपनीच बुडते, ती हीच.

ग्राहकानं एखादं कव्हर नाकारलं तर त्याच दिवशी पत्र पाठवा: कोणतं कव्हर सुचवलं, त्यात साधारण कशाची भरपाई मिळाली असती, हप्ता किती होता, तुम्ही ते नाकारलंत. खाली सही मागा. सही आली नाही तरी पत्र फाइलमध्ये राहतं. फोनवरच्या बोलण्याची टीप लिहिताना तारीख, वेळ, कोण बोललं, काय सल्ला दिला आणि काय ठरलं, एवढं पुरे. एजन्सीवर व्यावसायिक चुकीचा दावा होतो तेव्हा बहुतेक वेळा सगळा वाद ‘तुम्ही मला सांगितलंच नाही’ या एका वाक्याभोवती फिरतो.

प्रश्न: सल्लागार कंपनीचा व्यावसायिक दायित्व विमा (कामातल्या चुकीबद्दल येणाऱ्या दाव्यांसाठीचा) आम्ही स्वस्त कंपनीकडे हलवला. आता जुन्या कामाचा दावा आला आहे आणि नवी कंपनी नकार देते. कुठे चुकलं?

पूर्वलक्षी तारीख बघा. या प्रकारच्या बहुतेक पॉलिसी काम कधी केलं यापेक्षा दावा कधी आला त्यावर चालतात, आणि काम पूर्वलक्षी तारखेनंतरचं असावं लागतं. जुन्या पॉलिसीवर ती तारीख २०१२ ची असेल आणि नव्यावर ‘पॉलिसी सुरू झाल्यापासून’ असं लिहिलं असेल, तर मधल्या सगळ्या वर्षांचं काम उघडं पडलं. जुनी पॉलिसी संपली, नवी मागचं घेत नाही. हप्ता स्वस्त असण्याचं कारण बहुधा हेच असतं.

आता करता येण्यासारखं: जुन्या पॉलिसीत वाढीव सूचना-मुदत, म्हणजे पॉलिसी संपल्यावरही आलेला दावा कळवण्याची मुभा, मिळते का ते आजच बघा. काही मसुद्यांत ३० किंवा ६० दिवस आपोआप मिळतात, जास्त मुदत विकत घ्यावी लागते आणि ती मागायलाही अंतिम तारीख असते. नव्या कोटेशनमध्ये जुनी पूर्वलक्षी तारीख चुकून राहून गेली होती का, तेही पत्रव्यवहारात शोधा. आणि एजन्सीच्या स्वतःच्या दायित्व विमा कंपनीला लगेच कळवा. थांबलात तर तिकडचीही सूचना-मुदत हुकेल.

पुढच्या वेळी कंपनी बदलण्याआधी ग्राहकाच्या सगळ्या भागीदारांना आणि प्रकल्पप्रमुखांना लेखी विचारा: कोणाची तक्रार, थकवलेलं बिल, धमकीवजा पत्र आहे का? अशी प्रत्येक घटना जुन्या पॉलिसीची मुदत संपण्याआधी जुन्या कंपनीला कळवायची. बहुतेक पॉलिसींत अशी कळवलेली घटना नंतर दावा झाली तरी जुन्याच पॉलिसीत मोडते.

प्रश्न: ठेकेदार ग्राहक संध्याकाळपर्यंत सर्टिफिकेट मागतात. त्यावर समोरच्या कंपनीनं सांगितलेला मजकूर तसाच लिहून द्यावा का?

नाही. सर्टिफिकेट त्या दिवशी पॉलिसीत काय आहे एवढंच सांगतं, त्यानं पॉलिसी बदलत नाही. समोरच्या कंपनीला अतिरिक्त विमाधारक म्हणून नाव हवं असेल, भरपाई दिल्यावर तिच्याकडून ती वसूल करण्याचा विमा कंपनीचा हक्क सोडून हवा असेल किंवा रद्द करण्याआधी ३० दिवसांची नोटीस हवी असेल, तर तसं एंडॉर्समेंट पॉलिसीवर आधी यायला हवं. नसताना लिहिलंत तर ते खोटं विधान ठरतं आणि त्याची जबाबदारी एजन्सीवर येते. खरा उपाय ग्राहकाच्या सवयीत आहे. करारातलं विम्याचं पान सही करण्याआधी तुमच्याकडे पाठवायला सांगा. मर्यादा, कव्हरचे प्रकार, काम संपल्यानंतर किती वर्षं विमा चालू ठेवायचा, हे तेव्हाच पाहिलं की सर्टिफिकेट दहा मिनिटांचं काम उरतं.

प्रश्न: रात्री ग्राहकाचा फोन आला की गोदामाला आग लागली आहे. पहिल्या दिवशी काय करावं?

माणसं सुखरूप आहेत का, हे आधी. मग विमा कंपनीला लेखी सूचना. फोन केला असला तरी ई-मेल जायलाच हवा, त्यात पॉलिसी क्रमांक, ठिकाण, वेळ, अंदाजे नुकसान आणि संपर्काची व्यक्ती. नुकसानीचा आकडा ‘प्राथमिक अंदाज’ म्हणूनच लिहा.

ग्राहकाला पुढच्या गोष्टी सांगा. नुकसान वाढू नये म्हणून ताडपत्री, पहारा, पाणी उपसणं हे त्यानं लगेच करावं, परवानगीची वाट बघू नये. पण जळालेला माल आणि यंत्रं सर्व्हेअर बघेपर्यंत फेकू नयेत. हलवणं भागच असेल तर सगळ्या बाजूंनी फोटो आणि यादी करूनच. शेजाऱ्याचंही नुकसान झालं असेल तर ‘आम्ही भरून देऊ’ असं तोंडी किंवा लेखी कबूल करू नये, त्यानं दायित्वाचं कव्हर अडचणीत येतं. आगीसंबंधीच्या प्रत्येक खर्चासाठी हिशोबात त्याच दिवशी स्वतंत्र खातं उघडावं. जादा वेळेचं वेतन, भाड्याचा जनरेटर, तातडीची वाहतूक हे खर्च नेहमीच्या खात्यात मिसळले की सहा महिन्यांनी वेगळे काढता येत नाहीत.

सर्व्हेअरच्या पहिल्या भेटीला तुम्ही हजर राहा. पॉलिसी, प्रस्ताव, साठ्याचं रजिस्टर, अग्निशमन दलाचा अहवाल यांची यादी त्याच्याकडून लेखी घ्या आणि प्रत्येक कागद कधी दिला ते नोंदवा. जबाबदारी मान्य झाली की अंतिम आकड्याची वाट न बघता आगाऊ रक्कम मागा. निम्मं नुकसान निर्विवाद असेल तर त्यातला मोठा भाग लवकर मिळू शकतो, पण बहुतेक वेळा तो कोणी मागतच नाही.

प्रश्न: ग्राहकानं ‘तुम्हाला यात किती मिळतं?’ असं विचारलं तर सांगावं का?

सांगावं, आणि शक्यतो त्यानं विचारण्याआधी. २००४ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलांनी मार्श या मोठ्या ब्रोकर कंपनीवर खटला भरला. विमा कंपन्यांकडून व्यवसायाच्या प्रमाणात मिळणारं जादा कमिशन आणि कोटेशनमधली संगनमतं हा आरोपांचा गाभा होता. जानेवारी २००५ मध्ये ८५ कोटी डॉलर ग्राहकांना परत देण्याचं ठरवून ते प्रकरण मिटलं. कमिशन घेण्यात काही गैर नाही. पण ज्या कंपनीची शिफारस करता तिच्याकडून जादा मिळत असेल, तर ते ग्राहकाला ठाऊक हवं.

प्रश्न: मी या कामात अगदी नवी आहे. शंभर पानी पॉलिसी वाचायची कुठून?

पहिल्या पानावरच्या तपशिलापासून: नाव, पत्ते, तारखा, मर्यादा, डिडक्टिबल. मग थेट शेवटी जा आणि एंडॉर्समेंट वाचा, कारण ती आतला मजकूर बदलतात. कोणतं एंडॉर्समेंट कोणत्या पानावरचं कलम बदलतं ते पेन्सिलीनं मूळ जागी लिहा. त्यानंतर काय भरून देणार ते कलम, मग वगळलेल्या गोष्टी, आणि प्रत्येक वगळणुकीखालचे ‘परंतु’ने सुरू होणारे अपवाद, कारण काही कव्हर तिथून परत मिळतं. ठळक अक्षरातल्या किंवा अवतरणचिन्हातल्या शब्दांची व्याख्या लगेच उघडून बघा, अंदाज करू नका. अटी शेवटी वाचा, पण त्यांतली दिवसांची प्रत्येक संख्या वेगळ्या कागदावर उतरवा: किती दिवसांत सूचना, किती दिवस जागा रिकामी चालते, किती दिवसांत कागदपत्रं. हा कागद ग्राहकालाही द्या. इमारत ३० किंवा ६० दिवस रिकामी राहिली की कव्हर आक्रसतं, स्प्रिंकलर बंद ठेवण्याआधी कळवावं लागतं, हे त्याला दाव्याच्या वेळी पहिल्यांदा कळता कामा नये. सुरुवातीला आठवड्याला एक पॉलिसी अशी वाचा, आणि ती तुमच्याच खात्यातली निवडा, म्हणजे वाचलेलं दुसऱ्या दिवशी वापरता येईल.